हवा धरली

आमच्या संत्र्याच्या बगीच्यातला ट्रॅक्टर या हिवाळ्यात तीनदा बंद पडला आणि तिन्ही वेळा आळ एकाच माणसावर आला. आळ घेणाऱ्यांत मीही होतो. पुण्यात बसून, फोनवरून.

ट्रॅक्टर म्हणजे स्वराज ७२४. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा तयार झाला आणि १९७४ साली मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सनं तो बनवायला घेतला. देशात आराखडा होऊन देशातच बनलेला, म्हणून ते नाव. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथं स्वराज नावाचं यंत्र सकाळी सकाळी सुरू व्हायला नकार देतं, यावर आमच्याकडे बरेच विनोद झालेत. आमचं शेत कारंजा घाडगे तालुक्यात. झाडांच्या ओळींमधून मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, हा साधारण २५ अश्वशक्तीचा फिरतो, म्हणून आजोबांनी तो वापरलेला घेतला होता.

बिघाड असा. दोन-तीन तास नीट चालायचा, मग आचका देऊन बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नाही. डिझेल इंजिन फिरतंय आणि जरासुद्धा धूर नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. मिस्त्री यायचा, आधी टाकीचं झाकण उघडून डिझेल बघायचा, मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस यायचा, फेस थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. इंजिन सुरू. "हवा धरली होती," म्हणायचा आणि पैसे घेऊन जायचा.

आता पाइपात हवा कधी शिरते? गावात याचं एकच उत्तर आहे: टाकी कोरडी होऊ दिली की. पण टाकीत डिझेल तर होतं. मग बाबांनी हिशेब लावला, "मंग यानं काढलं अशीन, गाडी बंद पडल्यावर घाबरून परत टाकलं अशीन." यानं म्हणजे आमच्या सालदारानं. मी त्यांना लहानपणापासून मामाजी म्हणतो. ज्यांना सालदार हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: पाडव्याला वर्षभराचा पैसा ठरतो, काही उचल आधी मिळते, उरलेलं कापत-जोडत पुढच्या पाडव्यापर्यंत चालतं. मिस्त्रीचे तिन्ही वेळचे पैसे मिळून २,४०० झाले. ते बाबांनी मामाजींच्या हिशेबात लिहिले. मी फोनवर म्हणालो, "बाबा, डिझेलवर लक्ष ठेवा."

मी ज्या कामाचा पगार घेतो त्यात सर्व्हर बंद पडला की आम्ही एक अहवाल लिहितो. त्याचा नियम असा की कोणी चूक केली हे लिहायचं नाही, चूक होऊ शकली कशी ते लिहायचं. 'अमक्यानं चुकीची कमांड चालवली' असं नाही, तर 'चुकीची कमांड चालू शकली, कारण तिथं अडवणारं काही नव्हतं' असं. मला हा नियम मनापासून पटतो. नव्या मुलांना मी तो समजावून सांगतो, तेव्हा एक गोष्टही सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर आपटायचं. ठपका वैमानिकावर. १९४३ साली अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटात जाऊन पाहिलं, तर दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे. त्यानं एका खटक्याला छोटं रबरी चाक लावायला सांगितलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. दमलेल्या माणसाच्या बोटांनाही फरक कळू लागला.

ही गोष्ट मी ऑफिसात इतक्या वेळा सांगितली आहे. घरून फोन आला तेव्हा ती मला एकदाही आठवली नाही.

होळीला घरी गेलो. चौथ्यांदा ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा मी धुऱ्यावरच होतो. मिस्त्रीला बोलावण्याआधी म्हटलं, आपण बघू. सवयीनं टाकीचं झाकण फिरवलं आणि 'फस्स' असा आवाज आला. बाहेर नाही, आत. टाकीनं श्वास घेतला.

हात झाकणावरच राहिला. कारण ते झाकण माझं होतं. दिवाळीत आलो होतो तेव्हा परतीच्या पावसाचं पाणी टाकीत गेलं होतं. झाकणाला एक बारीक भोक दिसलं. पाणी इथूनच जातं, असं ठरवून मी ते एम-सीलनं बुजवलं, वर सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली. इंजिनिअर ना मी. ते भोक हवेसाठी होतं. डिझेल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती वाट बंद झाली, टाकीत पोकळी वाढत गेली, डिझेल येईना आणि जुन्या जोडांमधून पाइपात हवा ओढली जाऊ लागली. ज्या दिवशी मधे डिझेल भरायला झाकण उघडलं जायचं त्या दिवशी काही नाही. सलग वखर चालला की बंद. आणि मिस्त्री सगळ्यात आधी झाकणच उघडायचा, म्हणजे पुरावा रोज त्याच्याच हातानं पुसला जायचा.

मामाजी बाजूला उभे होते. म्हणाले, "झाकन उघडलं का असं करते ते. म्या सांगतलं होतं तुमच्या बाबाले. दोन खेपा."

मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा हसले. "होते असं. पानी जाऊ नये म्हनून केलं तू."

मी त्या हसण्यावर अडकलो आहे. चार महिने आम्हाला माणूस हवा होता. तो माणूस मी निघालो आणि त्याच क्षणी आम्हाला कारण पुरलं. माझा हेतू विचारात घेतला गेला, माझ्या चुकीला परिस्थिती मिळाली. म्हणजे ऑफिसातला तो उदार नियम आमच्या घरात होताच, फक्त घरच्यांसाठी. आणि ऑफिसात तरी तो का चालतो? तिथं टेबलाभोवती बसलेले सगळे साधारण एका पगाराचे, एका भाषेचे. त्याच इमारतीत रात्री सफाई करणाऱ्या बाईंच्या हातून वायर निघाली असती तर आम्ही अहवाल लिहिला असता, की कंत्राटदाराला फोन केला असता? मला उत्तर माहीत आहे.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली 'एपिस्टेमिक इन्जस्टिस' नावाचं पुस्तक लिहिलं. सांगणारा कोण आहे हे बघून त्याच्या सांगण्याचं वजन आपण कमी करतो, तेव्हा त्याच्यावर जाणता माणूस म्हणून अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते वाचताना नेहमी कोर्टातले साक्षीदार डोळ्यांसमोर यायचे. आमच्याकडे मात्र साक्ष फुकट गेली म्हणून बिघाडही चार महिने सापडला नाही. ट्रॅक्टरवर दिवसभर बसणारा एकच माणूस होता, आवाज ऐकणारा तोच. संशयित म्हणून त्याच्याकडे पाहायला लागल्यावर त्याला काही विचारावं हेच सुचलं नाही. तो जे बोलेल ते बचावासाठीच, असं आधीच ठरलं होतं.

२,४०० रुपये बाबांनी हिशेबातून खोडले. मी मामाजींकडे गेलो, माफी मागितली. ते ओट्यावर तूर पाखडत होते. "जाऊ द्या भाऊ," म्हणाले. मग विचारलं, "रामनवमीच्या आधी पानी द्या लागते झाडाइले, तुम्ही हाय का तोवर?" मी नव्हतो. थोडा वेळ बसलो. डिझेलची गोष्ट किराणा दुकानापर्यंत गेली होती, आणि झाकणाची गोष्ट तिथं कोण सांगणार, हे दोघांनाही कळत होतं. मी जाऊन सांगितली. दुकानदार म्हणाला, "असं का," आणि गिऱ्हाइकाला साखर मोजून दिली.

पाडव्याला मामाजींनी हिशेब घेतला, नोटा दोनदा मोजल्या आणि पुढचं साल दुसरीकडे धरलं, धरणाकडच्या एका शेतात. बाबा म्हणाले, तिकडं पैसे जास्त आहेत. असतीलही.

झाकणावरचा एम-सील मी खिळ्यानं टोकरून काढला. भोक पूर्वीपेक्षा जरा मोठं झालंय. या पावसाळ्यात पाणी जाईल बहुतेक.