दवाखान्यातील पाळी आणि शेजारधर्म

दवाखान्याच्या ओट्यावर कोण आधी आला आणि कोण मागून आला यावरून जी कुरबूर होते, ती वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटते. केसपेपर काढणाऱ्याशी दोन शब्द होतात, कोणी कोणाचा पाहुणा निघतो, कोणी मागच्या दाराने आत जातो, आणि दिवेलागणीपर्यंत सर्व काही विसरले जाते. अशा गोष्टीचा धर्माशी काय संबंध, असे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस वाटेल. आमच्या मते तो संबंध फार निकटचा आहे. धान्य, पाणी व पैसा यांच्या वाटणीत न्याय पाहावा हे आपण उपदेशातून वारंवार ऐकतो. वैद्याच्या वेळेच्या वाटणीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आणि ही वेळ तर अशी वस्तू आहे की, तिच्या वाटणीत अन्याय झाला असता एखाद्याचा जीवही जातो. म्हणून डॉक्टरांकडे नंबर लावणे व त्यांस घरी बोलावणे या दोन गोष्टींत ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या नियमाने वागावे, याचा आज थोडा विचार करू.

ही वेळ किती थोडी आहे हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सरकारी मापाप्रमाणे सपाट प्रदेशात ३०,००० लोकवस्तीस, आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावयाचे असते. समजा, डॉक्टर सकाळी चार तास बसले व त्यांनी प्रत्येक रोग्यास पाच मिनिटे दिली, तर ४८ जण तपासून होतात. ओट्यावर ६० माणसे बसली असली तर १२ जण तसेच उरतात. आता एखाद्या ओळखीच्या गृहस्थाने दुखणे सांगून झाल्यावर गावच्या गोष्टींत आणखी दहा मिनिटे घालविली, तर ती त्याने डॉक्टरांची घेतली असे त्यास वाटते. वस्तुतः ती त्याने मागे बसलेल्या दोन रोग्यांची घेतलेली असतात. वैद्याची वेळ एकट्या वैद्याच्या मालकीची नव्हे. गावच्या विहिरीप्रमाणे ती सर्वांची आहे, आणि ज्याने अधिक उपसले त्याने कोणाच्या तरी घागरीतले घेतले.

मग ही वाटणी कशी व्हावी? जगात तीन रीती दिसतात. जो थोर त्यास आधी, जो पहिल्याने आला त्यास आधी, आणि ज्याची गरज मोठी त्यास आधी.

पहिल्या रीतीविषयी ख्रिस्ती मंडळीत फार बोलावयास नको. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्यास चांगली जागा देऊन गरिबास पायांजवळ बसविणाऱ्या मंडळीची जी कानउघाडणी केली आहे, ती दवाखान्याच्या बाकासही लागू पडते. तरीपण सरपंचाचा मुलगा, शाळेचे हेडमास्तर अथवा आपले पाळकसाहेब आले म्हणजे आपण उठून वाट देतोच. मान देण्यास हरकत नाही. परंतु तापाने फणफणलेल्या बालकाच्या वेळेतून तो मान देण्याचा आपणास अधिकार नाही.

दुसरी रीत पुष्कळ बरी. तिच्यात तोंड पाहणे नाही, जात पाहणे नाही, पैसा पाहणे नाही. ज्या देशात पिढ्यान् पिढ्या कित्येकांस पाणवठ्यावर सर्वांच्या मागे उभे राहावे लागले, तेथे आलेल्या क्रमाने बसणे हा काही लहान लाभ नव्हे. ज्यांनी ही रीत पाडली त्यांचे आम्ही आभारच मानू. पण तीही पुरी पडत नाही, आणि याचे उदाहरण शुभवर्तमानातच आहे. योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याची हकीकत आहे. पाणी हालले म्हणजे जो पहिल्याने उतरेल तो बरा होई, असा तेथे समज होता. नियम सर्वांस एकच; तरी ३८ वर्षे आजारी असलेला एक मनुष्य तेथे पडून होता, कारण त्यास उचलून पाण्यात सोडील असे कोणी नव्हते. जो धडधाकट तो आधी पोहोचतो आणि जो पंगू तो मागे राहतो, असा ह्या नियमाचा परिणाम होतो. आपल्या गावात पाहा. नंबर सकाळी आठाला लागतो. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे तो साडेसातास हजर. वाडीवरची म्हातारी पायी येते ती दहाला. ज्याच्या हाती मोबाईल आहे तो घरबसल्या नंबर लावितो. जिच्या घरी तो नाही, अथवा ज्या मजूर बाईस अर्ध्या दिवसाचा रोज बुडविता येत नाही, तिचे दुखणे रविवारपर्यंत, आणि मग पुढच्या हप्त्यापर्यंत लांबते.

ही गोष्ट आपल्याच देशातील आहे असे नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, व डॉक्टरांस दाखविण्यास पैसे पडेनासे झाले. तरीही वेल्समधील ग्लिनकॉरुग नावाच्या खाणकामगारांच्या गावी काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांस असे आढळले की, जेथे दुखणी अधिक तेथे चांगली वैद्यकीय मदत कमी, आणि जेथे दुखणी कमी तेथे ती अधिक, असाच कल सर्वत्र असतो. १९७१ साली 'लान्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडले, आणि वैद्यकी जितकी बाजाराच्या हाती जाईल तितका हा कल बळावतो असेही म्हटले. यावरून दिसते की, दार सर्वांस उघडे ठेवणे एवढ्याने न्याय पुरा होत नाही. दारापर्यंत कोण पोहोचू शकत नाही हेही पाहावे लागते.

म्हणून तिसरी रीत, म्हणजे गरज पाहून क्रम लावणे, ही खरी. मार्काच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी प्रभूस आपल्या घरी बोलावतो; त्याची १२ वर्षांची मुलगी मरणोन्मुख आहे. वाटेत १२ वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्रास शिवते. तिने आपले सर्व द्रव्य वैद्यांवर खर्चिले होते. तिला बोलावणे करण्यास कोणी नव्हते व तिचा नंबरही नव्हता. प्रभू तिच्यासाठी थांबतो, तिचे म्हणणे ऐकून घेतो, आणि तिला मुलगी म्हणून हाक मारितो. अधिकाऱ्याच्या घरची भेट निर्धन स्त्रीसाठी खोळंबली, हे वाचून आपणास आनंद होतो. पण त्याच खोळंब्यात याईराची मुलगी मरण पावली, हे आपण घाईने वाचून पुढे जातो. प्रभूने तिला उठविले. आपल्या डॉक्टरांस ते सामर्थ्य नाही. म्हणून हा धडा घेताना अर्धाच घेऊ नये. निराधारासाठी थांबणे प्रभूसारखे आहे खरे. पण ज्याचा श्वास अडला आहे अथवा ज्यास साप चावला आहे त्यास सर्वांच्या आधी आत घेतलेच पाहिजे, मग तो श्रीमंत असो की गरीब.

येथे एक अडचण उभी राहते. कोणाची गरज मोठी हे डॉक्टरांस बाहेर बसून कळत नाही. आपण सांगू तेच ते ऐकतात. तेव्हा हा सर्व न्याय आपल्या खरेपणावर उभा आहे. दोन दिवसांच्या खोकल्यास छातीत कळ म्हणून सांगणारा मनुष्य आपली पाळी आधी लावून घेईल, पण नवव्या आज्ञेचा भंग करील. आणि पुढे ज्याच्या छातीत खरोखर कळ येईल त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. उलट, कित्येक भगिनी संकोचाने आपले दुखणे इतके लपवितात की, ते कळते तेव्हा उपाय राहत नाही. दुखणे वाढवून सांगणे हे जसे खोटे, तसेच लपविणेही सत्य नव्हे.

आता घरी बोलावण्याविषयी. डॉक्टरांस एका रोग्यासाठी जाऊन-येऊन एक तास लागला, तर वरील हिशेबाने ओट्यावरचे १२ जण राहिले. इंग्लंडमध्येही हा वाद पेटला होता. २०१९ च्या नोव्हेंबरात तेथील डॉक्टरांच्या प्रतिनिधींच्या परिषदेने, घरभेटी हा आमच्या ठरलेल्या कामाचा भाग नसावा, असा ठराव बहुमताने केला; सरकारने तो मानला नाही. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. चालता येत असून सोयीसाठी डॉक्टरांस घरी बोलाविणारा, फी दुप्पट देत असला तरी, बारा जणांच्या वेळेची किंमत देत नाही. परंतु अंथरुणास खिळलेली वृद्ध माता, मरणशय्येवरचा बाप, नुकतीच बाळंत झालेली लेक, यांस दवाखाना कोठला? त्यांच्या बाबतीत घरभेट हीच त्यांची पाळी आहे, आणि ती नाकारणे म्हणजे बेथेस्दाच्या त्या मनुष्यास तळ्यावर या म्हणून सांगणे होय.

ह्या कोड्याचा उलगडा निर्गमाच्या अठराव्या अध्यायात सापडतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करीत बसे, व लोक ताटकळत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो याने त्यास सांगितले की, अशाने तू व हे लोक दोघेही थकून जाल. विश्वासू माणसे निवडून लहान कामे त्यांस वाटून दे. हेच तत्त्व आपल्या महाराष्ट्रात फळास आले आहे. डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम आरंभिले व खेड्यांतील बायांसच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत पुष्कळ बाया निरक्षर होत्या. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉक्टर अभय व राणी बंग यांनी गावच्या बायांस नवजात अर्भकांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले, आणि अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून हीच रीत देशभर आली. आता दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेच्या घरी आशाताईने ४२ दिवसांत सहा भेटी द्यावयाच्या असतात. तेव्हा घरभेट नाहीशी झालेली नाही. तिचे ओझे अनेक खांद्यांवर वाटले गेले आहे. आशाताई दारी आली असता तिला 'डॉक्टर का आले नाहीत' असे विचारून परत लावणे हा अविचार होय.

कोणी म्हणेल, "माझे मूल आजारी असता मी लोकांच्या वेळेचा हिशेब करीत बसू काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या लेकरासाठी धावणे हे पाप नव्हे. याईर धावला व प्रभूने त्यास दोष दिला नाही. पण शेजारणीचे लेकरूही तिच्या पोटचे आहे. स्वतःवर जशी तशीच शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, तिचा अर्थ आपले लेकरू विसरावे असा नाही. आपल्या लेकराच्या जिवाला जी किंमत देतो तीच तिच्या लेकराच्या जिवाला द्यावी, असा आहे. आणि डॉक्टरही कोणाचे लेकरू आहेत. त्यांसही झोप व विसावा पाहिजे. त्यांच्यावर हात उगारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला, ही आपणा सर्वांस लाजिरवाणी गोष्ट आहे.

पाळी दुसऱ्यास देण्याविषयीही एक सूक्ष्म गोष्ट सांगावीशी वाटते. आपण पंधरावे असता पन्नासाव्या क्रमाच्या म्हातारीस आपल्या पुढे आत पाठविले व आपण सोळावे राहिलो, तर मधले सर्व जण एकेक पाऊल मागे सरले. दान आपले, पण खर्च सर्वांचा. त्यापेक्षा तिला आपली पंधरावी पाळी द्यावी व आपण पन्नासाव्या जागी जाऊन बसावे. हेच खरे दान. आपली पाळी देऊन टाकण्याचा आपणास पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याची पाळी देण्याचा नाही.

मंडळीने काय करावे हेही सांगतो. प्रत्येक मंडळीत ज्यांना कोणी माणूस नाही अशा वृद्धांची व विधवांची यादी वडीलमंडळींनी ठेवावी. तरुण संघातील एखाद्याने सकाळी त्यांचा नंबर लावावा व कोणी गाडीवरून त्यांस नेऊन आणावे. सरकारने २०२० साली मोबाईलवरून घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची ई-संजीवनी ही सोय काढली. ज्यांस ती वापरता येते त्यांनी शेजाऱ्यासाठीही वापरावी. नंबर लावून जाणे न झाले तर तसे कळवावे, म्हणजे ती पाळी दुसऱ्याच्या कामी येईल. चालू असलेली औषधे एका कागदावर लिहून न्यावीत, म्हणजे विचारण्यात वेळ जाणार नाही. जिवावरचा प्रसंग आला तर डॉक्टरांचे दार ठोठावीत न बसता महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. तिला पैसे पडत नाहीत.

बेथेस्दाच्या मनुष्याकडे प्रभू स्वतः चालत गेला. त्या तळ्याभोवती रोगी पुष्कळ होते, व त्यांचे सोयरेही असतीलच. परंतु ३८ वर्षांत त्यांपैकी कोणी आपली जागा सोडून त्यास उचलले नाही. आपल्या गावच्या दवाखान्याच्या ओट्यावर असा कोणी उद्या सकाळी बसलेला असेल. आपल्या मंडळीतील कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन, त्याचा नंबर लागला आहे की नाही, एवढे तरी विचारावे.