रक्षणाचा भार कोणी वाहावा?

अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया आहे, याविषयी साधकांत वा वासनिकांत दुमत नाही. परंतु तत्त्व मान्य करणे वेगळे आणि प्रत्यक्ष प्रसंगी त्याचा निर्णय करणे वेगळे. असा एक अवघड प्रसंग पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील अनेक गावांपुढे उभा आहे. बिबट्याचे रक्षण करावे, तर तो शेळी, वासरू आणि प्रसंगी माणूसही मारतो. न करावे, तर एका जीवजातीचा उच्छेद आपल्या हातून घडतो. येथे हिंसा कोणती व अहिंसा कोणती, हे विचारपूर्वक ठरविले पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत धरणांचे पाणी कालव्यांनी आले आणि जिराईत शिवारात ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. त्यात गारवा आहे, आडोसा आहे, जवळ पाणी आहे. वस्त्यांभोवती कुत्री, डुकरे, शेळ्या आहेत. बिबट्याची मादी त्या उसातच पिल्ले घालते. तेव्हा बिबट्या गावात शिरला हे म्हणणे अर्धे सत्य होय. त्याच्या निवासाची सोय मनुष्यानेच नकळत केली, हे उरलेले अर्धे.

येथे पहिला आक्षेप असा की, बिबटे पकडून दूरच्या अरण्यात सोडावेत. म्हणजे त्यांचाही जीव वाचेल व आपलाही. हा उपाय दयेचा वाटतो. जुन्नर भागात २००१ पासून तो मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा निराळेच दिसले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. स्थलांतर सुरू झाल्यावर ते १७ झाले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, भटकतो, परतू पाहतो. आणि त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतो. आपल्या दारचे संकट दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे म्हणजे अहिंसा नव्हे, हा यातील बोध आहे.

दुसरा आक्षेप असा की, बिबट्या क्रूर आहे, म्हणून तो दंडास पात्र आहे. याचे समाधान सोपे आहे. विधिनिषेध मनुष्याला आहेत, पशूला नाहीत. बिबट्या क्षुधेने मारतो. ते त्याचे पाप नव्हे, स्वभाव होय. ज्याला निवड नाही त्याला दोष कसा लावावा?

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनाचा आहे. ज्या धनगराची मेंढी गेली, ज्या विधवेची एकुलती शेळी गेली, त्यांनी ही तत्त्वे ऐकून काय करावे? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात वीस-बावीस दिवसांत एक बालिका, एक वृद्धा व एक मुलगा असे तिघे बिबट्याच्या हल्ल्यात गेले. लोकांचा संताप अनावर झाला. त्या घरांपुढे उभे राहून जीवदयेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे?

याचे उत्तर शोधताना लीळाचरित्रातील सशाची लीळा आठवावी. शिकाऱ्यांनी व कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या आसनाशी आला आणि त्यांच्या जानूखाली दडला. स्वामींनी त्याला दिले नाही. या लीळेत दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, आश्रय स्वामींनी आपल्याच जानूखाली दिला; दुसऱ्या कोणाच्या घरात सशाला ठेवून त्याला संकटात घातले नाही. दुसरी, शिकाऱ्यांनाही त्यांनी झिडकारले नाही, तर समजावले. शरणागताचे रक्षण आणि समोरच्याविषयी करुणा, ही दोन्ही तेथे एकत्र आहेत.

आज आपण नेमके याच्या उलट करतो. बिबट्या वाचावा ही इच्छा शहरातील सज्जनांची; त्याचे मोल देणारी शेळी गरिबाची. साखर सर्वांच्या घरी. उसाच्या फडात कोपी घालून लेकरांसह निजणारा ऊसतोड मजूर मात्र एकटा. स्वतःला झळ लागू न देता केलेली दया ही दया नव्हे. तो दुसऱ्याच्या पदरातून केलेला दानधर्म होय.

म्हणून रक्षणाचा भार वाटून घेतला पाहिजे, आणि तो घेता येतो. अकोले तालुक्यातील एका अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे दाट लोकवस्तीत राहत असल्याचे आढळले. त्यांच्या आहारात वजनाच्या मानाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा केवळ ११ टक्के होता. वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रे उघड्यावर फिरते. एक भक्कम दार शेळीलाही वाचविते आणि बिबट्यालाही. ते दार बांधण्याची ऐपत ज्याला नाही, त्याला ते बांधून देणे ही खरी जीवदया. शेतीला दिवसा वीज मिळावी, म्हणजे रात्री पाणी धरायला जावे लागणार नाही. मजुरांना सुरक्षित निवारा मिळावा. नुकसानभरपाई हेलपाट्यांवाचून हाती पडावी. उकिरडे व मोकाट कुत्री आवरावीत. ही कामे सरकारची आहेत, तशी समाजाचीही आहेत.

एखादा बिबट्या माणसांवर वारंवार हल्ला करू लागला, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही त्याला दूर करण्याची वा अखेर मारण्याची मुभा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाने देतो. पिंपरखेडला शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. ती अगतिकता होती. तिला पुण्य म्हणू नये आणि तिचा जल्लोषही करू नये. आपली आधीची कर्तव्ये राहून गेली, याची ती खूण आहे.

साधकांनी निरूपणात व वासनिकांनी व्यवहारात हा विचार ठेवावा. बिबट्याला जगू द्या असे सांगण्यापूर्वी शेजारच्या गोठ्याला दार आहे की नाही, हे पाहून यावे. जो रक्षणाचा भार स्वतः उचलतो, त्याचेच अहिंसेचे बोलणे ऐकले जाते.

दंडवत प्रणाम.