अन्नछत्राची चूल कोठे असावी?



भुकेल्यास अन्न द्यावे, याविषयी कोणाचा वाद नाही. वाद पडतो तो पुढल्या गोष्टींविषयी. अन्न कोणास द्यावे, किती द्यावे, कोणाच्या हातून द्यावे, या प्रश्नांवर आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ बोलणे होते. परंतु आणखी एक प्रश्न आहे. तो इतका साधा दिसतो की, त्यास कोणी नीतीचा प्रश्न समजतच नाही. तो हा की, अन्न कोठे द्यावे? चूल कोणत्या जागी मांडावी, आणि मांडलेली चूल हलवावी लागली तर ती कशी हलवावी? मीही यास केवळ सोयीचा प्रश्न समजत होतो. माझी समजूत चुकीची होती, हे मला एका वृद्ध बाईने शिकवले. ती हकिकत प्रथम सांगतो.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेस महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. कृष्णाकाठच्या ज्या लहानशा गावी मी सेवेस होतो, तेथे उपासनामंदिराच्या पडवीत आम्ही चूल पेटवली. मंदिर बाजारपेठेस लागून असले तरी थोडे उंचावर असल्याने पाणी पायऱ्यांपाशीच थांबले होते. पूर ओसरला, लोक आपापल्या घरी गेले, तरी चूल विझवणे आमच्याने झाले नाही. कारण पुराने भूक आणली नव्हती. ती आधीपासून होती, पुराने ती केवळ उघडी पाडली होती. ज्यांचे मुलगे मुंबई-पुण्यास गेले ते म्हातारे, ज्यांचे आईबाप ऊसतोडीस गेले ती मुले, एस. टी. स्थानकावरील निराधार, अशी सुमारे सत्तर माणसे रोज दुपारी पंगतीस बसत. भाकरी, आमटी, कधी पिठले, रविवारी भात. जातपात कोणी विचारीत नसे.

पुढे पडवी गळू लागली. धुरामुळे शेजारी कुरकुरू लागले. पुन्हा पूर आला तर काय, ही चिंता होतीच. अशा वेळी एका उदार गृहस्थाने गावाबाहेर हमरस्त्यालगतची आपली प्रशस्त खोली विनामूल्य देऊ केली. फरशी, नळ, धान्यास कोरडी कोठी, सर्व काही होते. पंचांच्या सभेत एकमताने ठराव झाला आणि आठ दिवसांत चूल तेथे गेली. नवी जागा जुन्या जागेपासून दीड मैलावर होती. त्या दीड मैलाचा उल्लेख ठरावात नव्हता.

दोन महिन्यांनी ताटे मोजली, तो सत्तराची एकेचाळीस झाली होती. मी सभेत उठून सांगितले की, देवाची स्तुती असो, पुष्कळ लोक आपल्या पायांवर उभे राहिले. माझे हे बोलणे वृत्तांतात लिहिले गेले. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या पंगतीत पूर्वी रोज बसणाऱ्या एका आजींना मी बाजारात भाजीच्या टाकाऊ पानांपाशी वाकलेले पाहिले. मी विचारले, "आजी, हल्ली जेवायला दिसत नाही?" त्या म्हणाल्या, "साहेब, भूक हाय तशीच हाय. चूल लांब गेली."

मी घरी येऊन वही काढली व जे येत नाहीसे झाले होते त्यांची नावे लिहिली. एकोणतीस नावे झाली. त्यांत धडधाकट माणूस जवळजवळ नव्हता. गुडघे धरलेले, डोळ्यांनी अधू, पोर कडेवर असलेली, तापाने क्षीण झालेली, अशीच सारी होती. पायांवर उभे राहिलेले लोक कमी झाले नव्हते. ज्यांना पायांवर उभे राहता येत नव्हते, तेच कमी झाले होते.

येथे कोणी म्हणेल, ज्याला खरी भूक आहे तो दीड मैल चालेल. जो चालत नाही त्याला तितकी गरज नसावी. हा विचार नवा नाही. आपल्याच मुलखात पूर्वी तो राज्यकारभाराचा नियम होऊन बसला होता. सन १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. सन १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉयांनी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसास १ पौंडावर, म्हणजे सुमारे अर्ध्या शेरावर आणले. त्याबरोबर अंतराची कसोटीही लावण्यात आली. मजुरास त्याच्या घरानजीक काम न देता सुमारे १० मैल दूरच्या कामावर जावयास लावावे, म्हणजे खरे गरजू तेवढेच येतील, असा हिशेब होता. पुष्कळ लोकांनी ती कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. याच दुष्काळात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने पोरक्या व उपाशी मुलांस जेवू घालण्याचे काम चालवले. सावित्रीबाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातील नायगावचे, हे येथे स्मरणीय आहे.

अंतराच्या कसोटीत चूक कोठे होती? भूक मनुष्याचे पहिले काय हिरावून घेत असेल तर ते त्याच्या पायांतील बळ. म्हणून दहा मैल चालून जो येतो, तो सर्वांत भुकेलेला नव्हे. भुकेल्यांतला तो सर्वांत सशक्त. ही कसोटी गरज मोजीत नाही, ती बळ मोजते. आणि जो येऊ शकला नाही त्याचे नाव कोणत्याच वहीत चढत नसल्यामुळे हिशेब चोख दिसतो. पुढे सन १८८० च्या दुष्काळ आयोगाने काम करण्यास असमर्थ असलेल्यांस त्यांच्याच गावी मदत पोहोचवावी, अशी शिफारस केली. परंतु तोपर्यंत लाखो माणसे मातीआड झाली होती. आम्ही तर कोणतीही कसोटी लावली नव्हती. आमच्या मनात दयाच होती. तरीही जे कठोर हिशेबाने घडले तेच आमच्या दयेने, लहान प्रमाणावर का होईना, घडवले. यावरून हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही हे उघड आहे.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे. गावातल्या माणसास गावापाशीच काम मिळाले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. सन १९६५ च्या सुमारास त्याचा प्रयोग त्यांच्याच तालुक्यात झाला, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. सन २००५ मध्ये संसदेने देशाकरिता असाच कायदा केला, तेव्हा त्यात असे कलम घातले की, काम ५ किलोमीटरांच्या आत द्यावे. त्याहून दूर द्यावे लागल्यास मजुरास शेकडा १० जादा मजुरी द्यावी. हा फरक वाचकांनी मनात धरावा. १८७७ साली अंतर हे भुकेल्याने फेडावयाचे होते. २००५ साली ते देणाऱ्याच्या खाती मांडले गेले. मैल तेच, चालणारी माणसे तीच; परंतु ऋण कोणाचे, याचे उत्तर फिरले.

मग चूल कधी हलवूच नये काय? तसेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र पाहा. सन १९१० च्या सुमारास सांगलीजवळील दूधगावी मुलांचे वसतिगृह उभे करण्यात त्यांचा हात होता. सन १९१९ मध्ये कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. खेड्यातील गरीब मुलास पुढील शिक्षण हवे असे, तर ते जिल्ह्याच्या गावीच मिळे. म्हणून जेथे मुलांना जावे लागत होते तेथे चूल गेली. चुलीने मुलांची पाठ धरली. मुलांना चुलीची पाठ धरावी लागली नाही. सन १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले, आणि पुढे ते धनिणीच्या बागेत नांदू लागले. जागा बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत ती मुले व सवर्णांची मुले एकाच पंगतीस बसत व स्वयंपाकाची कामे मिळून करीत. आणि जेव्हा कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. सन १९३० मध्ये त्या वारल्या. स्थलांतराचा भार तेथे कोणी उचलला, हे यावरून दिसते. तो जेवणाऱ्या मुलांनी उचलला नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस हा प्रश्न अपरिचित नसावा. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात यरुशलेम येथील मंडळीची हकिकत आहे. तेथे रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली. कोणी ती मुद्दाम केली असे तेथे म्हटलेले नाही. तरीही कुरकुर ऐकू येताच प्रेषितांनी त्या विधवांना दोष दिला नाही, त्यांच्या गरजेची परीक्षाही घेतली नाही. वाटणीची व्यवस्थाच सुधारली व सात माणसे त्या कामी नेमली. आणि कफर्णहूमच्या त्या पक्षघाती मनुष्यास प्रभूपर्यंत जाणे होत नव्हते, तेव्हा चौघांनी त्याची बाज उचलली. अंतर तितकेच राहिले; ते चौघांच्या खांद्यांवर गेले.

तथापि एक अडचण उरते, ती लपवणे बरे नव्हे. न येणाऱ्यांस घरोघर डबे पोहोचवावे, असे आमच्यातील कित्येकांचे मत पडले. ते सोपे होते. परंतु डबा भूक भागवतो, पंगत आणखी काही देते. पंगतीत शेजारी कोण बसला हे कळते. कोण दोन दिवस आला नाही हेही कळते. ज्या गावात कालपर्यंत एकमेकांच्या हातचे पाणी घेत नव्हते, तेथे एका ओळीत बसून भाकरी मोडणे ही लहान गोष्ट नाही. प्रत्येकाच्या दारात डबा ठेवून आपण भूक मिटवू, आणि जुन्या भिंती पुन्हा उभ्या करू. उलट, पंगतीचा आग्रह धरून बसलो तर जो अंथरुणाला खिळला आहे तो उपाशी राहील. दोन्ही बाजूंस सत्य आहे.

शेवटी आम्ही असे केले. स्वयंपाक नव्या खोलीतच ठेवला, कारण पाणी व कोठी तेथे होती. मात्र भरलेली पातेली दुपारी टेम्पोतून जुन्या पडवीत आणू लागलो व पंगत तेथेच बसवू लागलो. जे उठूच शकत नव्हते, अशा सात-आठ जणांस तरुण मंडळी पाळीपाळीने डबा देऊ लागली. डबा ठेवून निघायचे नाही, माणूस जेवेपर्यंत जवळ बसायचे, एवढाच नियम केला. खर्च वाढला. भाकरी पूर्वीइतकी ऊन राहिली नाही. दोन वेळा टेम्पो बंद पडला व पंगत तिन्हीसांजेस बसली. घराघरांतून मुठीमुठीने धान्य जमवून आम्ही तो खर्च भागवला. एकोणतिसांपैकी बावीस जण परत आले. उरलेल्यांपैकी दोघे मधल्या काळात वारले होते. ते अन्नावाचून वारले असे मी म्हणत नाही. तसे नव्हते असेही मला म्हणता येत नाही. त्या आजी मात्र परत आल्या, आणि पुढील हिवाळ्यात देवाघरी जाईपर्यंत भिंतीलगतच्या आपल्या जागी बसत राहिल्या. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मी सभेपुढे माझे शब्द मागे घेतले, आणि पंचांनी तेही वृत्तांतात लिहून घेतले.

खेडोपाडी सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंनो, तुमच्याकडे अन्नछत्र नसेल. पण रात्रीची शाळा असेल, औषधाची पेटी असेल, प्रार्थनेची जागा असेल. ती हलवण्याची वेळ आली, तर ठराव करण्यापूर्वी एवढे करावे. जे त्या ठिकाणी येतात त्यांना आधी विचारावे, आणि त्यांतील सर्वांत अशक्तास सर्वांत आधी. नव्या जागेपर्यंतची वाट त्याच्या चालीने एकदा स्वतः चालून पाहावी. वाढलेले अंतर कोण फेडणार, हे ठरावातच लिहावे. आणि हलवल्यावर जे आले त्यांची मोजणी करून समाधान मानू नये. जे आले नाहीत त्यांच्या घरी जावे. आम्ही यांतील शेवटची गोष्ट फार उशिरा केली. तुम्ही ती पहिल्याच आठवड्यात करावी, एवढ्याचसाठी हे लिहिले आहे.