सामाईक ठेवा

मित्र मोठा झाला, प्रसिद्ध झाला, म्हणजे त्याच्याविषयी बोलण्याचा आपला अधिकार वाढतो की उणा होतो? नोकरीनिमित्त मुलूखभर हिंडणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न केव्हा ना केव्हा भेटतोच. बदलीच्या गावी ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी फिरावयास गेलो, तो पुढे नामांकित गवई होतो किंवा मंत्री होतो. मग एखादे संपादक गौरवग्रंथासाठी आठवणी मागतात. आठवणी असतातच. पण त्या देऊन टाकण्याइतक्या आपल्या असतात काय?

या प्रश्नाचा विचार करू लागलो की हॉलिवुडची नटी ग्रेटा गार्बो आणि तिची मैत्रीण मर्सिडीस द अकोस्टा यांची हकीकत आम्हांला आठवते. गार्बो १९०५ साली स्टॉकहोम येथे जन्मली. कीर्तीच्या शिखरावर असताना, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १९४१ साली तिचा शेवटचा चित्रपट निघाला. त्यानंतर १९९० साली मरेपर्यंत ती पडद्याकडे फिरकली नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून डोळ्यांवर काळा चष्मा लावून ती मैलोगणती पायी हिंडे आणि वृत्तपत्रवाल्यांना चुकवी. मर्सिडीस ही न्यूयॉर्कची लेखिका. दोघींची ओळख १९३१ साली हॉलिवुडात झाली आणि मैत्री चढउतार सोशीत जवळजवळ तीस वर्षे टिकली. १९६० साली मर्सिडीसने ‘हिअर लाइज द हार्ट’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि उरलीसुरली मैत्रीही संपली.

त्या पुस्तकात गार्बोची निंदा नव्हती, भक्तीच होती. लेखिका तेव्हा आजारी होती, पैशांची ओढ होती, अंगावरचे दागिने विकून झाले होते. मग बिघडले कोठे? आमच्या मते येथे गुपित फोडण्याचा प्रश्न दुय्यम आहे. मैत्रीची आठवण ही अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीसारखी असते. तिच्यात अमुक खोली याची, अमुक त्याची, अशी वाटणी झालेली नसते. एका भागीदाराने दुसऱ्यास न विचारता ती बाजारात नेली, तर भाव चांगला आला एवढ्याने तो व्यवहार शुद्ध ठरत नाही.

दुसरा भागीदार वारला तर? जुन्या मिताक्षरा न्यायाने मागे उरलेल्या समांशिकांकडे त्याचा हिस्सा जाई. गार्बोच्या मृत्यूनंतरच्या वर्षीच, १९९१ साली, रेमंड डॉम याने तिच्याबरोबर पायी हिंडताना झालेल्या गोष्टी पुस्तकरूपाने छापल्या. जिवंतपणी छापण्यापेक्षा हे बरे, असे कोणी म्हणेल, आणि शिष्टाचाराच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु मित्राच्या हिश्श्यात एक अशी वस्तू असते की जी वारसाकडे येतच नाही. ‘अरे, तसे झाले नव्हते’ असे म्हणण्याचा हक्क ती वस्तू होय. सिएरा नेवाडा पर्वतातील एका सरोवरावर गार्बोच्या संगतीत सहा आठवडे काढल्याचे मर्सिडीसने लिहिले आहे. स्टुडिओच्या कामाच्या तारखांशी ताडून पाहता तेवढी सवड गार्बोला मिळालीच नव्हती, असे पुढे चरित्रकारांनी दाखवून दिले. आम्ही याला खोटेपणा म्हणणार नाही. सुखाचे दिवस आठवणीत फुगतात. त्यांना मापात ठेवणारा सोबती समोर बसलेला नसला की ते वाटेल तेवढे फुगतात.

या पुस्तकाची अर्पणपत्रिका वाचून मात्र आम्ही थबकलो. ते रमण महर्षींना अर्पण केलेले आहे. मर्सिडीस १९३८ साली तिरुवण्णामलैला जाऊन त्यांच्यापाशी राहिली होती. मद्रासकडे नोकरी झालेल्या वाचकांपैकी कित्येकांनी तो आश्रम पाहिला असेल. ज्यांचा मुख्य उपदेश मौनातून होत असे, त्यांच्या चरणी हे बोलके पुस्तक वाहावे, यात विसंगती आहे खरी. तथापि ती बाई मौनास अगदीच पारखी नव्हती. गार्बोची पत्रे जाळून टाकणे तिच्या जिवावर आले. म्हणून तिने ती फिलाडेल्फियातील रोझेनबाख संग्रहालयाच्या हवाली केली, आणि दोघींपैकी मागे राहील तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी ती उघडावीत अशी अट घातली. गोपनीय कागदावर मुदतीचा शिक्का कसा मारावा हे आपल्या कचेऱ्यांनाही यापेक्षा चांगले साधत नाही!

मुदत २००० सालच्या एप्रिलमध्ये संपली. जगाला गौप्यस्फोट हवा होता. निघाला तो बहुतांशी रोजचा साधा मजकूर. प्रेमसंबंधाचा पुरावा म्हणावा असे त्यात काही सापडले नाही. शिवाय पत्राचा कागद पावणाऱ्याचा, शब्द लिहिणाऱ्याचे, हे तत्त्व इंग्लंडात कवी पोप आणि पुस्तकविक्रेता कर्ल यांच्या खटल्यात १७४१ सालीच ठरून गेले आहे. संग्रहालयाकडे कागद होते, शब्दांवरचा हक्क गार्बोच्या वारसांकडे. बोललेल्या शब्दांना मात्र असा कायदा नाही. संध्याकाळच्या फिरण्यात मित्र जे बोलला त्याचा कागदही आपण आणि टपालही आपणच.

म्हणून सर्वांनी तोंड मिटून बसावे, असे आम्ही म्हणत नाही. सर्वच मित्र गप्प राहिले असते तर गार्बो केवळ भिंतीवरच्या जाहिरातीतला चेहरा होऊन उरली असती. त्या चेहऱ्यामागे चालण्याचा नाद असलेली एक एकटी बाई होती हे कोणाला कळले असते? कोणते बोलावे आणि कोणते नाही याचा नियम मात्र आम्हांला बांधता येत नाही. खुद्द गार्बोच्या वागण्यातूनही तो निघत नाही. इंग्रज छायाचित्रकार सेसिल बीटन याचा अपराध मर्सिडीसहून मोठा होता. त्याने १९७२ साली, गार्बो हयात असताना, तिच्याशी असलेल्या जवळिकीच्या रोजनिशा छापल्या, आणि आपण तिला लग्नाची मागणी घातल्याचेही जगाला सांगितले. मर्सिडीस १९६८ साली वारली; समेट झाला नाही. बीटनला १९७४ साली पक्षाघात झाला. पुढल्याच वर्षी गार्बो विल्टशरमधील त्याच्या घरी त्याला भेटावयास गेली. रोजनिशी लिहिणारा त्याचा उजवा हात तेव्हा निकामी झालेला होता, आणि तो डाव्या हाताने लिहावयास शिकत होता.