प्रसेन कुठे गेला?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा आळ येतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी आजीकडून ऐकलेले असते. आणि प्रत्येकाने एकदा तरी तो चोरून पाहिलेलाही असतो! सिडनीत माझ्या मुलीने मला विचारले होते, "बाबा, इथला चंद्र उलटा दिसतो ना? मग हा पाहिला तर चालेल का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मग वेळ मारून नेण्यासाठी मी तिला स्यमंतक मण्याची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट आपण आळाची गोष्ट म्हणून ऐकतो. पण नीट पाहिले तर ती एका हरवलेल्या प्रवाशाची गोष्ट आहे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन गळ्यात मणी घालून, घोड्यावर बसून शिकारीला रानात गेला आणि परत आला नाही. कोणी काही पाहिले नव्हते. सत्राजित म्हणाला, कृष्णानेच मारले असेल, त्याला मणी हवा होता ना! आता यातला दुसरा भाग खोटा नव्हता. कृष्णाने उग्रसेनासाठी तो मणी खरोखरच मागितला होता. एक खरी गोष्ट आणि एक रिकामी जागा, एवढ्या भांडवलावर द्वारकेत कानोकानी कुजबुज सुरू झाली. कोणी रानात मात्र गेले नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो याचे कारण मी स्वतः एकदा सत्राजित झालो आहे.

२००४ सालची गोष्ट. गणपती आठवड्यावर आले होते. आमचे एक स्नेही (नाव मुद्दामच देत नाही, जुन्या मंडळींना कळेलच) शनिवारी सकाळी "डोंगरात जाऊन येतो, संध्याकाळी परत" असे वहिनींना सांगून एकटेच ब्लू माउंटन्सला गेले. उत्सवाचे सामान आणायला वहिनींना गाडी हवी होती, म्हणून ते ट्रेनने गेले. रात्र झाली तरी परतले नाहीत. वहिनींनी पोलिसांना फोन केला. नेहमी कटुम्बाला जातात, असे त्यांनी सांगितले आणि रविवारी सकाळी त्या बाजूला शोध सुरू झाला.

रविवारी आम्ही सारे आरास करायला हॉलवर जमलो होतो. हातात थर्माकोल आणि कात्री, तोंडात एकच विषय. कोणीतरी म्हणाले, "इतका सावध माणूस, असा कसा हरवेल?" आणि मी म्हणालो, "हल्ली नोकरीचं जरा बिनसलं होतं त्यांचं."

बस, एवढेच. तीन महिन्यांपूर्वी त्यांची नोकरी गेली होती आणि ते त्यांनी फक्त मला, विश्वासाने सांगितले होते. मी खोटे बोललो नव्हतो. माझ्या मनात वाईट हेतूही नव्हता; उलट, आपल्याला काहीतरी ठाऊक आहे याचे थोडे समाधानच वाटले असावे, हे आज कबूल करतो. दुपारच्या चहापर्यंत त्या वाक्याला फांद्या फुटल्या. कर्ज झाले होते म्हणे. घरात वाद होत होते म्हणे. विम्याचाही विषय निघाला. आणि एका बाईंनी हळूच सांगितले, "मी सकाळी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी अजिबात रडत नव्हत्या हो."

हे वाक्य ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा आणायला हवे होते. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरूच्या पायथ्याशी, तेव्हा त्याला सगळे एअर्स रॉक म्हणत, तंबूतून नऊ आठवड्यांची अझारिया चेंबरलेन नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे इथल्या रानटी कुत्र्याने तिला नेले, असे आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. त्याच रात्री माग काढण्यात तरबेज असलेल्या स्थानिक आदिवासींनी वाळूत डिंगोच्या पावलांचा मागही काढला होता. पण देशाला ते पटेना. आई टीव्हीवर रडली नाही. बाळाला काळा फ्रॉक घालायची. हे लोक सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणजे कसल्याशा वेगळ्याच पंथाचे. अझारिया या नावाचा अर्थ "रानातला बळी" असा आहे, हीदेखील अफवा पसरली. हिब्रूत त्याचा खरा अर्थ आहे "देवाने साहाय्य केले".

पहिल्या चौकशीत कॉरोनरने १९८१ मध्ये डिंगोनेच बाळ नेले असा निर्णय दिला आणि अफवा थांबाव्यात म्हणून तो मुद्दाम टीव्हीवरून प्रक्षेपित करू दिला. अफवा थांबल्या नाहीत. प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि १९८२ मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. गाडीत सापडलेले जे "रक्त" पुराव्यात होते, ते बहुतांशी गाडीचा आवाज कमी करण्यासाठी कारखान्यात फवारलेले रसायन होते, हे पुढे सिद्ध झाले. १९८६ मध्ये उलुरूवरून पडलेल्या एका ब्रिटिश पर्यटकाचा शोध घेताना डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ बाळाचे जाकीट मिळाले. ते जाकीट होते असे आई पहिल्यापासून सांगत होती आणि ते खोटे ठरवले गेले होते. तिची सुटका झाली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूचे कारण डिंगो, असा अंतिम निर्णय यायला १२ जून २०१२ उजाडावा लागला. बत्तीस वर्षे!

प्रसेनाला सिंहाने मारले होते. लोकांनी कृष्णाचे नाव घेतले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मी गप्प होतो. प्राण्याने मारले हे उत्तर आपल्याला पुरत नाही, कारण त्यात कोणाचा दोष नाही. ज्यात दोष नाही ते आपल्याही बाबतीत घडू शकते, आणि हे मनाला सोसत नाही. "नोकरीचं बिनसलं होतं" असे मी म्हणालो, त्याचा आतला अर्थ "माझी नोकरी ठीक आहे, म्हणजे मी हरवणार नाही" असा होता, असे मला आता वाटते.

मग तर्क करूच नये का? असे म्हणणारे लोक मला भेटतात, पण ते मला पटत नाही. तर्क केल्याशिवाय शोध होणार कसा? न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यात तर्क आहे, निर्णय आहे, आणि पुढे जल्प आणि वितंडाही आहेत. तर्क हे प्रमाण नव्हे, प्रमाणाला मदत करणारा आहे, असे नैयायिक मानतात. त्याने रस्ता दाखवावा, पण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये. शाळेत संस्कृत होते तेव्हा हे पाठ केले होते. अर्थ कळायला थर्माकोल कापावे लागले.

रानात शोध घेणारे लोक कसा तर्क करतात, हे मी नंतर मुद्दाम वाचले. ते नकाशाचे भाग पाडतात. मग प्रत्येक जाणकार, दुसऱ्याला न दाखवता, कोणत्या भागात माणूस असण्याची किती टक्के शक्यता आहे ते कागदावर लिहितो, आणि त्यांची सरासरी काढतात. न दाखवता, कारण एकाचे मत ऐकले की दुसऱ्याचे मत त्याच्यामागे जाते (आमच्या हॉलमध्ये नेमके तेच झाले). एक भाग पाहून झाला आणि माणूस मिळाला नाही, की तिथले टक्के कमी होतात आणि इतर भागांचे वाढतात. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, काही टक्के ते "उरलेले जग" या भागासाठी राखून ठेवतात. म्हणजे आपण जिथे शोधतो आहोत तिथे तो नसेलच, ही शक्यता कागदावर लिहिलेली असते. आमच्या चहाच्या टेबलावर उरलेल्या जगाला जागा नव्हती.

पोलिसांनीही वहिनींना त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारले होते. निराश माणूस आणि वाट चुकलेला माणूस वेगळ्या ठिकाणी सापडतात, म्हणून तो प्रश्न विचारावाच लागतो. उत्तर वहीत लिहिले गेले, शोधाला वापरले गेले, तिथेच राहिले. प्रश्न तोच, जो मी हॉलमध्ये उभा केला. पण माझ्या वाक्याने कोणी एक पाऊलही रानात टाकले नाही.

आणि आता लाजेची गोष्ट. त्याच आठवड्यात, गुरुवारी, ते आमच्याकडे येऊन गेले होते. त्यांच्याकडे प्रिंटर नव्हता. त्यांनी एक पान छापले, ते शाईच्या रेघांनी खराब आले, मग दुसरे छापून घेऊन गेले. रविवारी रात्री माझी मुलगी रद्दी कागदावर गणिते करत होती आणि पान उलटून पडले तेव्हा मला डोंगराच्या उंचीच्या रेषा दिसल्या. ब्लॅकहीथहून ग्रोझ व्हॅलीत उतरणारी वाट होती ती. कटुम्बाच्या पुढे, दुसऱ्याच दरीत! दिवसभर ते पान माझ्या घरात होते आणि मी हॉलवर त्यांच्या नोकरीची चर्चा करत होतो. मुलगी म्हणाली, "काका सांगत होते की मला, निळ्या गमच्या झाडांचं जंगल बघायचंय. मला कोणी विचारलंच नाही."

मी पोलिसांना फोन केला. सोमवारी सकाळी ते सापडले. वाटेच्या खाली घसरले होते, घोटा मोडला होता, थंडीने अर्धमेले झाले होते. दोन रात्री ते दगडाने स्टीलचा डबा वाजवत होते. शोधणाऱ्यांनी तो आवाज ऐकला.

प्रत्येक वेळी असे होत नाही. डिसेंबर २००६ मध्ये याच डोंगरात एका सतरा वर्षांच्या मुलाने पाणी संपल्यावर तातडीच्या सेवेला पुन्हा पुन्हा फोन केला आणि पलीकडून त्याला रस्त्याचे नाव विचारले जात होते. तो वाचला नाही. उलट जुलै २००९ मध्ये, ऐन हिवाळ्यात, एक १९ वर्षांचा ब्रिटिश प्रवासी कटुम्बाहून एकटाच निघाला. फोन मुक्कामाच्या खोलीतच राहिला होता. बारा दिवसांनी तो जिवंत सापडला, तेव्हा त्याचे वडील आशा सोडून इंग्लंडला परत निघण्याच्या बेतात होते. भागवताच्या दहाव्या स्कंधातही, कृष्ण जांबवानाच्या गुहेत शिरला तेव्हा बाहेर थांबलेले लोक बारा दिवस वाट पाहून दुःखाने परत गेले, असेच आहे. त्या तरुणाला मुलाखतीचे पैसे मिळाल्यावर मात्र लोक म्हणू लागले की हा सगळा बनाव असेल! म्हणजे मेला तर घरच्यांनी मारला आणि जगला तर त्यानेच नाटक केले.

कृष्णाने काय केले, याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. तो सभेत आपली बाजू मांडत बसला नाही. कुजबुजणाऱ्यांनाच बरोबर घेऊन तो रानात गेला. आधी प्रसेन आणि घोडा मेलेले दिसले, मग सिंहाची पावले, मग मेलेला सिंह, मग अस्वलाची पावले. पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ज्यांनी पावले डोळ्यांनी पाहिली त्यांना पटवावे लागले नाही.

तरुण मंडळींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी लिहितो, कारण सुट्टीत तुम्ही जाणारच. कुठे, कोणत्या वाटेने आणि कधी परत, हे कागदावर लिहून घरी ठेवा. बेत बदलला तर निघण्यापूर्वी कळवा. खिशात बीकन ठेवा. त्याचा संदेश उपग्रहामार्फत कॅनबेराच्या बचाव केंद्राला पोहोचतो, मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. ब्लू माउंटन्समध्ये तो पोलीस व नॅशनल पार्ककडून मोफत उसना मिळतो. आणि हरवलात तर जागेवर थांबा. डबा स्टीलचा असावा, हे आमच्या स्नेह्यांचे मत.

इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. माझे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलेले होते, त्याच्या साऱ्या फांद्यांसकट. त्या रागावल्या नाहीत. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "रविवारी तुम्ही माझ्याकडे का नाही आलात?" मी म्हणालो, आरास होती. यापेक्षा वाईट उत्तर मी आयुष्यात दिलेले नाही. नंतरची दोन वर्षे त्या उत्सवाला आल्या नाहीत.

हा लेख देण्यापूर्वी मी दोघांना वाचायला नेला. स्नेह्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: त्या डब्यात धपाटे होते आणि लेखात त्यांचा उल्लेख हवा. वहिनींनी शांतपणे सगळा वाचला, पाने जुळवून माझ्या हातात दिली, आणि चहा टाकायला आत गेल्या.