राघूचे नामस्मरण

सज्जनहो, शुकनलिकान्याय आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितला असेल. पारधी दोरीत ओवलेली नळी टांगून ठेवतो. पोपट तीवर बसला की भाराने नळी फिरते, पोपट उलटा लोंबतो, आणि आता आपण पडणार या भयाने नळीच अधिक घट्ट धरतो. त्यास कोणी बांधलेले नसते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी हाच दृष्टान्त योजला आहे. तो जीवाविषयी आहे हे वारकऱ्यांच्या पोरासही ठाऊक असते. आज मात्र आम्हांस खऱ्याच पोपटाविषयी बोलावयाचे आहे.

एका सप्ताहात आमचा उतारा ज्या घरी होता, तेथे ओसरीवर पिंजरा होता आणि त्यात निळ्या पाठीचा, पिवळ्या छातीचा मकाव. शेपटीसकट पावणेतीन फूट तरी भरावा! यजमान सत्तरीचे, माळकरी, मोठे भाविक गृहस्थ. म्हणाले, "महाराज, हा पहाटे हरी हरी म्हणतो. गणिकेने राघूला रामनाम शिकवले आणि ती तरली. मग आमच्याही पदरी काही पडत असेल ना?"

आता कथा नीट ऐकावी. तरली ती गणिका. का तरली? शिकविता शिकविता नाम तिच्याच मुखी बसले म्हणून. राघू निमित्त झाला. पिंजऱ्याच्या गजांस त्यात वाटा नाही! यजमानांचा पक्षी हरी हरी म्हणून झाल्यावर लागलीच कुकरच्या शिट्टीसारखा ओरडे, तोही तितक्याच भक्तिभावाने. हा पक्षी रानात जोडीने आणि थव्याने राहणारा. थव्यातील हाका ऐकून उचलणे हा त्याचा स्वभाव. घरात थवा कुठला? मग माणसे हाच थवा समजून तो त्यांचे आवाज उचलतो. आपण ज्यास नामस्मरण म्हणतो, ती पुष्कळदा त्याची 'कोणी आहे का?' अशी हाक असते.

तथापि पक्षी निर्बुद्ध आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या विदुषीने 1977 पासून अ‍ॅलेक्स नावाच्या करड्या आफ्रिकी पोपटास शिकविले. तो 2007 साली वारला तेव्हा त्यास शंभराच्या आसपास शब्द येत होते. वस्तूचा रंग, आकार आणि संख्या तो ओळखून सांगे. असे मन असलेला जीव दिवसभर एकटा कोंडला तर काय करील? स्वतःची पिसे उपटतो. यजमानांच्या पक्ष्याची छाती उघडी पडली होती. "उष्णता झाली असेल," असे ते म्हणाले. क्वचित रोगानेही असे होते, म्हणून प्रथम पक्ष्यांच्या डॉक्टरास दाखवावे हे खरे. पण एकटेपणाची उष्णता औषधाने उतरत नाही.

ज्या शुकाचे नाव आपण आदराने घेतो, ज्याच्या मुखातून परीक्षितीने सात दिवस भागवत ऐकले, तो स्वतः कसा होता? बापाच्या घरीसुद्धा राहिला नाही. व्यास महर्षी 'पुत्रा, पुत्रा' म्हणून मागे धावले आणि उत्तर दिले ते झाडांनी. त्याचे नाव घेणाऱ्याने राघूला कुलूप लावावे, ही गोष्ट आम्हांस पटत नाही.

आम्ही विचारले, "याचे वय काय?" म्हणाले, "नऊ." मकाव नीट सांभाळला तर पन्नास वर्षेही जगतो. म्हणजे अजून चाळीस वर्षे बाकी, आणि यजमान सत्तर वर्षांचे! ते गप्प झाले. तेवढ्यात सूनबाई दारातून म्हणाल्या, "महाराज, आमचं बिऱ्हाड शहरात दोन खोल्यांचं. याचा आवाज शेजारी एक दिवस सोसणार नाहीत." कुणाचे चुकले नव्हते हो. पण हा विचार पक्षी घरी आणण्यापूर्वीच करावयाचा असतो.

कोणी म्हणेल, मग द्यावा उडवून. नाही! मकाव दक्षिण अमेरिकेतील अरण्याचा. आपल्या रानात त्यास ना सोबती, ना अन्न शोधण्याची सवय. ती दया नव्हे. ज्यांच्याजवळ असा परदेशी पक्षी आहे त्यांनी 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद करावी, आणि आपल्या मागे तो कोणाकडे जाईल हे त्या माणसास विचारून कागदावर लिहून ठेवावे. शेताची वाटणी लिहितो, मग जिवाची का नको?

आपल्याकडचा पहाडी पोपट, खांद्यावर तांबडा डाग असलेला, याची गोष्ट वेगळी. त्याची पिल्ले झाडाच्या ढोलीतून चोरून आणतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राघू असतो' हे उत्तर तेथे चालत नाही. असा पक्षी घरी असेल तर वनखात्याकडे द्यावा. आपणच पिंजऱ्याचे दार उघडून पुण्य घेऊ नये.

राहता राहिला आहार. नुसत्या बियांवर पोपटाची प्रकृती बिघडते; फळे, पालेभाजी हवी. मिरची खुशाल द्यावी, पक्ष्यास ती तिखट लागतच नाही. दिवसातून काही तास पिंजऱ्याबाहेर, घरातील माणसाच्या सोबतीने काढू द्यावे. आणि यजमान सकाळी आपल्या कपातला चहा बोटाने त्याच्या चोचीस लावीत, तो मात्र आम्ही तेथेच बंद करविला.