आजीची भाषा

मातृभाषा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आई बोलते ती मातृभाषा, इतका साधा त्याचा अर्थ. पण ज्याच्या आईची भाषा एक आणि पणजीची दुसरी, त्याने आपली कोणती म्हणावी? पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. मॉरिशसमधल्या मराठी घरांना तो टाळता येत नाही.

हिंदी महासागरातले हे बेट आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढे. 1835 साली तेथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजुरांची चणचण पडली. ती भरून काढण्यासाठी 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक हिंदी मजूर करारावर तेथे नेण्यात आले. मुंबई बंदरातून जे गेले, त्यांत रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची मराठी माणसे होती. पोर्ट लुई येथे मजुरांना जेथे उतरवीत, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो.

मळ्याचा मालक फ्रेंच बोले, सरकार इंग्रजीत लिही, आणि शेजारचा मजूर भोजपुरी किंवा क्रेओल बोले. ही क्रेओल आफ्रिकेतून व मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी फ्रेंच शब्दांतून घडविली. आज बहुतेक मराठी घरांत तीच बोलली जाते. तरीही गणेश चतुर्थीची तेथे सार्वजनिक सुटी असते, कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते, शाळेत मराठी शिकता येते आणि 1991 साली जागतिक मराठी परिषदही तेथे भरली. 2012 पासून क्रेओलही शाळेत ऐच्छिक विषय झाला. म्हणजे मुलाचे नाव शाळेत घालताना बापापुढे प्रश्न उभा राहतो : घरात बोलतो ती भाषा, की वाडवडिलांची?

पूर्वजांचे ऋण म्हणून मराठीच घे, असे सांगणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पणजोबाने करारावर अंगठा उठविला, तो काही वर्षांसाठी आणि स्वतःपुरता. त्याने पणतू कसा बांधला जाईल? शिवाय क्रेओलला हिणविण्याचा अधिकार आपल्याला तरी कोठला? पंडितांच्या लेखी मराठीही एके काळी अशीच गावंढळ होती. ज्ञानदेवांनी 1290 साली गीतेचा अर्थ तीत सांगितला, कारण ती लोकांच्या तोंडची होती. ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली, तिची लाज बाळगायला लावून कोणती संस्कृती टिकणार?

मग मराठी शिकायचीच कशाला? मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला एवढे कळते की, माणूस गेल्यावर त्याचे बोलणे तेवढे आपल्यापाशी राहते, आणि ते समजले नाही तर तो दुसऱ्यांदा जातो. आरती पाठ असते. पण तिचा अर्थ उमगला की, ती म्हणत आलेली आजी जवळ येते. हे कर्ज नव्हे, आहेर आहे. तो नाकारता येतो. म्हणूनच जो कष्टाने स्वीकारतो, त्याचे मोल मोठे.

आणि आपले काय? आपल्याला ही भाषा फुकट मिळाली. माझ्या वर्गात ‘एकोणसाठ’ म्हटले की, चांगल्या मराठी घरातले मूल विचारते, “म्हणजे फिफ्टी नाइन ना, सर?” त्याचा दोष नाही. घरात कोणी त्याला त्या आकड्यांत पैसे मोजायला दिलेले नसतात. मॉरिशसच्या मुलाची मराठी समुद्राने दुरावली. आपल्याकडे तर आजी शेजारच्याच खोलीत आहे.

फराळाची ताटे उचलल्यावर यंदा या अंकातले एखादे पान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. अडेल तेथे आजीला विचारू द्या. तिलाही बरे वाटेल.